काट्याला शिक्का आहे, वेळेला का नाही?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने आणि आस्थापना कायद्यातले बदल मंजूर केले, पुढे त्यांचा अध्यादेश निघाला, आणि त्यावरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. हा वाद भलत्याच जागी चालला आहे असं मला पहिल्या दिवसापासून वाटतं. शहरातली मंडळी दिवसाच्या नऊ तासांचे दहा झाले म्हणून चिडली आहेत. आमच्या कोकणातले व्यापारी कायद्यातून मोकळे झालो म्हणून खूश आहेत. पहिल्यांच्या हे लक्षात आलेलं नाही, की त्याच बदलाने हा कायदा वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता उरला. चिपळूण, खेड, दापोली, राजापूर, सावंतवाडी या बाजारपेठांत वीस नोकरांचं दुकान शोधत फिरावं लागेल. दहा तासांची ती मर्यादा आमच्याकडे जवळजवळ कुणालाच लागत नाही. लागली असती तर इथल्या बहुतेकांचा दिवस उलट थोडा आटोपशीर झाला असता. आणि व्यापारी समजतात तसे ते मोकळेही झालेले नाहीत, कारण किमान वेतन एका नोकराच्या दुकानालाही लागतं. ते काल लागत होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही लागतं. एक बाजू इथवर न पोचणाऱ्या नियमावर भांडते आहे आणि दुसरी न झालेल्या सुटकेचे पेढे वाटते आहे. काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाचं काय, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

मी गेली सतरा वर्षं चिपळूण आणि खेड भागातल्या लहान दुकानांचे हिशेब लिहिते. किराणा, कापड, हार्डवेअर, मोबाइलची दुकानं, दोन बेकऱ्या, काजूचा एक होलसेल व्यापारी. माझं पोट या व्यापाऱ्यांवर चालतं, माझे वडीलही दुकानदारच होते. त्यांच्याविषयी मनात आकस ठेवून मी हे लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. लहान दुकानाला कागदातून सवलत द्या, आज देताय त्याहून जास्त द्या. पण तिथे राबणाऱ्या माणसाचे तास, त्याची सुटी आणि त्याचा पगार यांच्यातून सवलत देऊ नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या कायद्याने त्या एकाच गाठोड्यात बांधल्या. गाठोडं फेकलं तेव्हा दोन्ही गेल्या.

हे मागणं काही मी आज नव्याने काढलेलं नाही. देशातला पहिला दुकान कायदा १९३९ साली मुंबई प्रांतात झाला. रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर तेव्हा प्रांताचे पंतप्रधान होते. त्याच्या जागी आलेला १९४८ चा कायदा एका नोकराच्या दुकानालाही लागू होता. तो नीट पाळला जात होता असा माझा दावा नाही. पण आठवड्यातून एक दिवस बाजार बंद असायचा, त्या दिवशी दुकान उघडलं तर मालकाला अपराध्यासारखं वाटायचं, आणि नोकराला त्याचा वार ठाऊक असायचा. १९ डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा आला. त्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची मोकळीक दिली. आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर (२०२५ च्या बदलाने सहा) अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, आठवड्याची सुटी, वर्षाला आठ नैमित्तिक रजा, सणावारांच्या आठ पगारी सुट्या, असं बरंच चांगलंही त्यात आहे. मात्र हे सगळं दहा आणि त्यावरच्या कामगारांच्या दुकानाला. दहाच्या आत असाल तर ऑनलाइन एक सूचना भरा, काम संपलं. आता दहाचे वीस झाले.

कायद्याचा जाणकार इथे मला अडवेल. तो म्हणेल, बाई, किमान वेतन कायद्याच्या कलम १३ मध्ये कामाचे तास आणि आठवड्याची सुटी ठरवण्याची सोय होती, ती वेतन संहितेतही आहे. हक्क गेला असं कशाला म्हणता? त्याचं बरोबर आहे. पण ज्या दुकानदाराला सरकारने एका हाताने 'तू कायद्याच्या बाहेर' असं कळवलं, त्याने दुसऱ्या कायद्याच्या नियमांत शिरून आपल्या नोकराची सुटी हुडकून काढावी, ही अपेक्षा कुणी धरावी? माळ्यावर ठेवलेल्या आणि कुणालाच न आठवणाऱ्या भांड्यात रोजचा भात शिजत नाही.

आता काट्याकडे येते. माझ्या गिऱ्हाइकांतलं सर्वांत लहान दुकान एका बाईंचं आहे, डोंगरातल्या एका वाडीच्या फाट्यावर. तांदूळ, साखर, सुकी मासळी, बिस्किटं. त्यांच्याही इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का आहे, तो दरवर्षी पडताळून घ्यावा लागतो, आणि त्या तो घेतात. दुकान लहान आहे म्हणून किलोला नऊशे ग्रॅम चालतील, असं कधी कुणी म्हटलं आहे का? मार्जिन कमी आहे, पावसाचे चार महिने धंदा बसतो, तेव्हा जून ते सप्टेंबर माप थोडं मारायला परवानगी द्या, असा अर्ज कुठल्या व्यापारी संघटनेने केला आहे का? करणार नाही, कारण ते ऐकताना दुकानदारालाच लाज वाटेल. माप म्हणजे माप. त्याला दुकानाच्या आकाराशी घेणंदेणं नाही. मग नोकराचा दिवस हे माप नाही का? साखर घेणारा माणूस काट्याकडे बघत उभा असतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो, म्हणून त्याच्या मापाला शिक्का लागला. नोकर काट्याच्या पलीकडच्या बाजूला असतो. त्याच्या मापाला शिक्का नाही याचं दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

हे माप किती हुकतं ते वहीतून सांगते. आमच्या बाजारात कापड किंवा भांड्यांच्या दुकानात उभी असणारी मुलगी सकाळी नऊला येते आणि रात्री नऊला निघते. दुपारचा डब्याचा तास वजा केला तरी अकरा तास. सातही दिवस. आठवड्याचे ७७ तास झाले. ४८ तासांच्या वर २९. गणपती, शिमगा, घरची लग्नकार्यं, आजारपण धरून दोन आठवडे सोडून देऊ. पन्नास आठवड्यांचे १४५० तास. ४८ तासांच्या आठवड्याने मोजले तर तीस आठवड्यांचं, म्हणजे सात महिन्यांचं काम ती दरवर्षी वरकड करते. बारा महिन्यांच्या पगारात एकोणीस महिन्यांचं काम. मालकाने पाचशे रुपये वाढवले की दोघांनाही समाधान वाटतं, कारण हा हिशेब दोघांपैकी कुणीच मांडलेला नसतो. अशाच एका मुलीला मी विचारलं होतं, सुटी का मागत नाहीस? ती म्हणाली, "ताई, शेट नाय म्हणणार नाहीत. पण मागायचं म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागतं." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तिचा मालक चांगला माणूस आहे. आणि तरीही.

व्यापाऱ्यांची बाजू खोटी आहे असं समजणाऱ्यांनी एकदा माझ्या टेबलाशी येऊन बसावं. कागदाचं ओझं खरं आहे. हजेरीचं रजिस्टर वेगळं, पगाराचं वेगळं, रजेचं वेगळं, त्यांची विवरणपत्रं, पोर्टलचे पासवर्ड, रात्री अकराला येणारे ओटीपी. दोन नोकरांच्या दुकानदाराने हे कधी करायचं? त्याच्याकडे वेगळा क्लार्क नसतो, तो स्वतः पोती उतरवतो. मग सल्लागाराला पैसे द्यावे लागतात, आणि तपासणीच्या भीतीपोटी आणखी कुणाला तरी. भविष्य निर्वाह निधीचंच बघा. वीस नोकरांच्या आत सक्ती नाही, पण एखाद्या भल्या दुकानदाराला स्वेच्छेने खातं उघडायची सोय आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, माझा एकच माणूस आहे, त्याचं करू या का? मी आकडे मांडले. पगार १२ हजार. मालकाचे १२ टक्के म्हणजे १४४० रुपये, त्याला ते मान्य होते. प्रशासकीय शुल्क अर्धा टक्का, म्हणजे ६० रुपये व्हायला हवं. पण आस्थापनेला महिन्याचं किमान शुल्क आहे ५०० रुपये. शंभर माणसांच्या कारखान्याला जे जाणवतही नाही ते एका माणसाच्या दुकानाला आठपटीहून अधिक पडतं. तो नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आमच्यासारखं दुकान कधी आलंच नव्हतं. या तक्रारीत मी व्यापाऱ्यांच्या बरोबर उभी आहे. दुकानाच्या आकाराप्रमाणे कागद कमी झालाच पाहिजे. दहाच्या आतल्या दुकानाला एक वही आणि वर्षाचा एक अर्ज, यापलीकडे काहीही नको.

दुसरी गोष्ट हंगामाची. आमचा धंदा एप्रिल-मेमध्ये आंबा आणि चाकरमानी, मग गणपती, मग दिवाळी ते नाताळ पर्यटक, एवढ्यावर चालतो. मधले पावसाळी महिने उधारीचे. वर संकटं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं तेव्हा दुकानांचे तळमजले बुडाले. कापडाचे तागे आठवडाभर रस्त्यावर चिखलात पडलेले मी बघितले आहेत, आणि साठी उलटलेला दुकानदार भिजलेली वही उन्हात उघडून बसलेलाही बघितला आहे. अशा माणसासमोर उभं राहून दुप्पट दराचा कायदा सांगायला जीभ रेटत नाही. पण त्याच पुराची दुसरी बाजूही मी बघितली. पंचनामे झाले, दुकानदारांना ५० हजारांपर्यंत मदत जाहीर झाली. ती अपुरी होती. पण पंचनाम्यात दुकानाला निदान एक रकाना होता. त्या दुकानात पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. दुकान दोन-तीन महिने बंद राहिलं. त्याचा माल वाहून गेला नव्हता, त्याची भिंत पडली नव्हती, गेला होता तो फक्त पगार, आणि त्याचा पंचनामा होत नाही. मालक त्याच्याबद्दल बोलायला तयार होता. कागद नव्हता म्हणून बोलण्याला किंमत नव्हती.

मार्जिनचा मुद्दा मी हलका मानत नाही, पण तो जसा मांडला जातो तसा तो टिकत नाही. पगार आणि सुटी दिली तर धंदा परवडणार नाही, असं एकेकटा दुकानदार म्हणतो तेव्हा त्याला शेजारचं दुकान दिसत असतं. शेजारी देत नाही आणि मी दिलं तर मी महाग पडतो. म्हणजे त्याची अडचण पगार ही नाही, शेजारी ही आहे. आणि शेजाऱ्याची अडचण सगळ्यांना सारखा लागणारा नियमच सोडवू शकतो. नियम नसला की जो जास्त पिळतो तो स्वस्त विकतो, आणि बऱ्या माणसाला एक तर वाईट व्हावं लागतं, नाही तर मागे पडावं लागतं. आमच्या बाजारात नोकराला चांगलं वागवणारे दुकानदार आहेत; कायदा त्यांच्या गळ्यात पडतो असं म्हणणाऱ्यांनी कधी त्यांना विचारलेलं नाही. आठवून बघा, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर आणि रत्तल जाऊन किलो आले. त्याच्या आदल्या वर्षी १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले होते. गावोगावच्या वाण्याला वजनं नवी घ्यावी लागली, भाव नव्याने बसवावे लागले, गिऱ्हाइकाशी रोज हुज्जत घालावी लागली. कोकणात भात मोजायला पायली अजून घराघरात आहे, पण काउंटरवर किलोच आला. सगळ्यांनी एकदम बदललं म्हणून ते जमलं. अलीकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तोही आमच्या लहान व्यापाऱ्याला झेपणार नाही असंच म्हणत होते. आज तोच व्यापारी मला फोन करून विचारतो, ताई, माझं थ्री-बी भरलंत ना? ज्याला दरमहा कराचं विवरण भरता येतं त्याला नोकराच्या सुटीचा वार लिहून ठेवता येणार नाही, हे मी कसं मानू?

सगळ्यात भावनेला हात घालणारा मुद्दा वेगळाच आहे. "आमच्याकडे नोकर घरच्यासारखे असतात." हा मुद्दा खरा आहे म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड आहे. लेकीच्या लग्नाला उचल, दवाखान्याचा खर्च, गणपतीला कपडे, शाळेची फी, हे आमच्या दुकानदारांनी केलेलं मी वह्यांत लिहिलं आहे. माझ्या वडिलांनीही केलं. आमच्या दुकानात एक गडी होते, आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो. ते बावीस वर्षं आमच्याकडे होते. मला शाळेत सोडायला तेच यायचे, आजोबांच्या मयतीला खांदा देणाऱ्यांत ते होते. वडील गेले आणि दुकान बंद झालं तेव्हा आईने त्यांना एका पाकिटात दहा हजार रुपये दिले. ते रडले, आम्हीही रडलो. शेवटचा पगार सहा हजार होता. बऱ्याच वर्षांनी, हा व्यवसाय करायला लागल्यावर, एका रात्री मी त्यांच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडला. वर्षाला पंधरा दिवस, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, बावीस वर्षं: ७६ हजार १५३ रुपये. आमचं दुकान दहा माणसांचं नव्हतं, ग्रॅच्युइटीचा कायदा आम्हाला लागू नव्हता, आम्ही कुठलाही नियम मोडला नव्हता. आणि आम्ही त्यांच्यावर मनापासून माया करत होतो. तरी माया दहा हजार झाली आणि हिशेब ७६ हजारांचा होता. मायेला आकडा ठाऊक नसतो, आणि आकडा न मागण्याचा संस्कार नोकरावर त्या मायेनेच केलेला असतो. तेव्हापासून घरच्यासारखं हे उत्तर मला पुरत नाही.

कोकणाला तर हे वेगळं सांगायची गरज पडू नये. खोत आणि कुळ यांचं नातंही पिढ्यान्‌पिढ्यांचंच होतं. एकाच गावात, एकाच देवळाच्या उत्सवात, अडीनडीला एकमेकांच्या दारात. तरीही अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांना १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन न कसता संप करावा लागला, आणि मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं मूळ सांगणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांना १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडावं लागलं. लहान दुकानदार खोत आहे असं मी म्हणत नाही. तो बहुतेक वेळा कर्जात बुडालेला, स्वतः चौदा तास राबणारा माणूस असतो. मी त्या नात्याबद्दल बोलते आहे, ज्यात एकाचं देणं दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतं. त्या नात्यातली गोडी खरी असली तरी त्यातून हक्क निपजत नाही, हे या मातीने एकदा बघितलेलं आहे. आणि मालक चौदा तास राबतो हे खरं असलं, तरी त्या चौदा तासांतून त्याचं दुकान, त्याची पत, त्याच्या मुलाचा गल्ला उभा राहतो. नोकराच्या अकरा तासांतूनही तेच उभं राहतं.

मग पोरं टिकत नाहीत, ही तक्रार. दुकानात माणूस मिळत नाही, सगळे मुंबईला, गोव्याला, नाही तर लोटे परशुरामच्या कारखान्यांत जातात. त्यात आणखी नियम लावले तर दुकानं चालवायची कुणी? मला हे कारण आणि परिणाम उलटे लावल्यासारखं दिसतं. राजापूरची मुलगी मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत चौघींत राहून मॉलमध्ये उभी राहते. खोलीभाडं, लोकल, बाहेरचं जेवण वजा जाता हातात गावापेक्षा फार उरत नाही. तरी ती जाते. का? तिला आठवड्याचा एक दिवस स्वतःचा मिळतो, मोबाइलवर पीएफचा आकडा दिसतो, आणि आपण अमुक ठिकाणी नोकरीला आहोत असं तिला कागद दाखवून सांगता येतं. ही ओढ जुनी आहे. याच कोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. गिरणीमालकांना तरी तेव्हा काय कायदे हवे होते? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार. १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना १९४६ साली कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. त्या सुटीच्या, त्या पगाराच्या मनीऑर्डरींवर कोकणातली घरं शाकारली गेली, पोरं शिकली. आणि आज त्या मनीऑर्डरीवर वाढलेल्या गावातल्या दुकानात उभी असलेली मुलगी १८८४ च्या त्या सुटीच्या मागणीपाशीच उभी आहे. याची टोचणी आपल्याला लागायला हवी.

लहान दुकानाला एकट्याने जे झेपत नाही ते सगळ्यांनी मिळून कसं झेपवायचं, याची उत्तरं आपण शोधलेली आहेत. फक्त ती दुकानाच्या नोकरापर्यंत आणलेली नाहीत. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाचा एक असा मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. कुणा एका व्यापाऱ्यावर त्याचा भविष्य निधी लादणं अन्यायाचं झालं असतं, आणि कुणावरच न लादणं हमालावर अन्यायाचं. म्हणून मंडळं काढली, त्यांत सरकार, व्यापारी आणि कामगार तिघे बसले, व्यापाऱ्याने मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे त्यावरची ठरावीक रक्कम, मंडळात भरायची आणि रजा, बोनस, निधी मंडळाने बघायचं. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या पुढे निघाल्या, ही तक्रारही खोटी नाही आणि ती दडवून ठेवायचं मला कारण नाही. पण टोळ्या निघाल्या म्हणून ती युक्ती चुकली असं होत नाही. दुसरं उदाहरण २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याचं. दहा आणि वरच्या आस्थापनेने स्वतःची समिती नेमायची. दहाच्या आतल्या दुकानाला समितीचा जाच नाही. पण तिथल्या बाईला वाऱ्यावरही सोडलेलं नाही, तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. कागदाचं ओझं मालकाच्या डोक्यावरून उतरवलं आणि बाईचा हक्क जिथल्या तिथे ठेवला. जे एका कायद्यात सुचलं ते तास, सुटी आणि निधीच्या बाबतीत का सुचू नये? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी दुकान कामगारांचं असं एक मंडळ असलं, दुकानदाराने महिन्याला एकदा फोनवरून पैसे पाठवले आणि पुढचं सगळं मंडळाने केलं, तर त्या ५०० रुपयांच्या किमान शुल्काचा प्रश्नच उरत नाही.

आठवड्याच्या सुटीसाठी तर मंडळाचीही वाट बघायला नको. एकाच नोकराच्या दुकानात पाळीपाळीने सुटी देता येत नाही, हे मान्य. पण एकट्याने शटर ओढलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं आणि सगळ्यांनी ओढलं तर ते उद्या येतं, हे आमच्या जुन्या व्यापाऱ्यांना चांगलं माहीत होतं. बाजाराचा बंद वार त्यातूनच आला होता. ३६५ दिवसांची मोकळीक आली आणि दर आठवड्याला एकाने उघडलं म्हणून दुसऱ्याने, असं करत तो वार कुठे विरून गेला ते कळलंही नाही. व्यापारी संघाने ठरवलं तर तो परत आणायला कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही. मे महिना, गणपतीआधीचा पंधरवडा आणि नाताळचा आठवडा सोडून द्या. त्या दिवसांत जास्तीचं काम होणारच. ते वहीत टिपून ठेवावं आणि आषाढात, बाजारात कुत्रं फिरत नाही तेव्हा, पगारी सुटी म्हणून परत द्यावं. नोकराचंही भात त्याच सुमाराला लावणीला आलेलं असतं.

एक शंका मला खुद्द माझ्या गिऱ्हाइकांनी विचारली आहे: सगळ्यांना नियम लावले तर माणसं कमी करतील, आहे ती नोकरीही जाईल. काही दुकानांत तसं होईल, हे मी नाकारत नाही. पण दहाची मर्यादा काय करत आली तेही बघा. दहाव्या माणसाला वहीत नाव नसतं. एकाच भिंतीआड नवऱ्याच्या नावाने एक दुकान आणि बायकोच्या नावाने दुसरं असतं, दोन्हींत मिळून चौदा. वाढायला तयार असलेला धंदा आकड्याच्या भीतीने वाढत नाही. पहिल्या माणसापासून थोडंसं लागू करा आणि माणसागणिक हळूहळू वाढवा, म्हणजे मर्यादेच्या आतला आणि बाहेरचा माणूस यांच्यामधला कडा उरणार नाही.

गेल्या वर्षभरात मी माझ्या गिऱ्हाइकांसाठी अर्ध्या पानाचा एक कागद तयार केला आहे. नोकराचं नाव, कामाला लागल्याची तारीख, महिन्याचा पगार, रोजचे तास, सुटीचा वार, खाली दोघांच्या सह्या. तेवीस जणांपैकी अकरांनी तो भरला. पगाराचा आकडा ते लगेच लिहितात. तासांपाशी जरा घुटमळतात, मग माझ्याकडे बघून नऊ लिहितात आणि म्हणतात, करतो तसं. अडतात ते तारखेपाशी. पेन तसंच धरून आत बघतात आणि विचारतात, "काय रे, तू कधी लागलास आमच्याकडे?" आतून उत्तर यायला क्षणही लागत नाही. तारीख, महिना, साल, आणि त्या दिवशी वार कोणता होता तेसुद्धा.